साठीला चित्ता: तंबू घ्यावा की तलाववाला लॉज?

"यजमान येत्या मे महिन्यात साठ पूर्ण करताहेत. साठीशांत नको, हॉल नको, 'एकदा चित्ता पळताना बघायचाय' एवढंच म्हणतात. ताडोबा-पेंच आमचं बऱ्याचदा झालंय, वाघ-बिबट्या पाहून झाले. आम्ही दोघं, मुलगा-सून आणि सात वर्षांची नात असे पाच जण. नातीला मे महिन्यात सुट्टी असते, शाळा जूनच्या मध्यावर उघडते. एजंटाने तीन पर्याय दिलेत. पहिला, केनियातल्या मासाई माराच्या गेटजवळचा दगडी लॉज. प्रत्येक खोलीला स्वतःचा छोटा पोहण्याचा तलाव, स्पा, दिमतीला बटलर, आणि त्याच सात रात्रींत अंबोसेली आणि नाकुरूही. दुसरा, नाबोइशो नावाच्या ठिकाणी दहा तंबूंचा कॅम्प. तलाव नाही, टीव्ही नाही, भाव मात्र पहिल्याहून थोडा जास्तच. तिसरा, दक्षिण आफ्रिकेत साबी सँडमधला लॉज. तंबूत झोपायला एवढे पैसे का मोजायचे हे मला कळत नाही. शिवाय यजमानांचे गुडघे दुखतात. सिंह-चित्ता-बिबट्या नक्की दिसतील असा लॉज कुठला? आणि सोबत चिवडा-लाडू नेले तर चालतात का?"
— एक वाचक, नाशिक

ताई, पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य यजमानांचं आहे. त्यांना चित्ता हवाय. सिंह आणि बिबट्या सोबत आले तर उत्तमच, पण साठीची भेट चित्ता आहे. मागणी इतकी स्पष्ट असली की उत्तरही सरळ देता येतं: दुसरा पर्याय घ्या, तंबूंचा. फक्त तारखा मेमधून उचलून जूनच्या पहिल्या पंधरवड्यात न्या. आता कारणं सांगतो, कारण एवढा खर्च कुणाच्या नुसत्या शब्दावर करू नये.

आधी तंबूची धास्ती काढून टाका. या कॅम्पांतला तंबू म्हणजे ओट्यावर उभारलेली कॅनव्हासची ऐसपैस खोली असते. आत पलंग, जाड गाद्या, लिहायचं टेबल, मागच्या बाजूला कमोड आणि गरम पाण्याची अंघोळ. काही कॅम्पांत शॉवर म्हणजे बाहेरून बादलीभर गरम पाणी वर चढवून सोडतात. ते चालणार नसेल तर आधीच विचारा. बाकी सोय चांगल्या हॉटेलाच्या तोडीची असते.

मग तलाव नसताना भाव जास्त का? कारण तुम्ही जमिनीचं भाडं भरताय. मासाई मारा राष्ट्रीय राखीव क्षेत्र साधारण १५१० चौरस किलोमीटरचं आहे आणि त्याचा कारभार नारोक काउंटीकडे आहे. त्याच्या उत्तरेला आणि पूर्वेला लागून ज्या जमिनी आहेत त्या मासाई कुटुंबांच्या खासगी मालकीच्या. २००५-०६ पासून या कुटुंबांनी आपापले तुकडे एकत्र करून कॅम्पवाल्यांना भाड्याने द्यायला सुरुवात केली. त्यांना कॉन्झर्व्हन्सी म्हणतात. तुमचं नाबोइशो त्यातलंच, २०१० साली सुरू झालेलं. पन्नास हजार एकरांहून जास्त जमीन आणि पाचशेहून अधिक जमीनमालक. शेजारी ओलारे मोटोरोगी आहे, पलीकडे मारा नॉर्थ, ओल किन्येई. मालकाला भाडं ठरलेलं मिळतं, पर्यटक आले काय, न आले काय. बदल्यात तो त्या जमिनीवर कुंपण घालत नाही, शेती करत नाही, घर बांधत नाही. आणि पर्यटकांची गर्दी होऊ नये म्हणून तंबूंवरच मर्यादा आहे: नाबोइशो आणि ओलारे मोटोरोगीत साडेतीनशे एकरांमागे एक तंबू. तुमच्या एजंटाला 'दहाच तंबू' हा उणेपणा वाटत असेल, तर त्याने हे गणित करून बघावं. तुमच्या दोन तंबूंच्या वाट्याला सातशे एकर रान येतं.

या भाड्याचा सिंहांशीही थेट संबंध आहे. २०१५च्या डिसेंबरमध्ये मारातल्या प्रसिद्ध मार्श कळपावर विषप्रयोग झाला होता. सिंहांनी गुरं मारली, चिडलेल्या गुराख्यांनी मेलेल्या जनावरात विष घातलं, आणि कळपातले सिंह दगावले. ज्याची गाय गेली त्याला सिंहापासून काहीच मिळत नसेल तर तो दुसरं काय करणार? महिन्याच्या महिन्याला भाडं घरी येत असलं की हिशेब थोडा बदलतो. थोडाच, पण बदलतो.

आता राखीव क्षेत्र आणि कॉन्झर्व्हन्सी यांच्या नियमांतला फरक बघा, कारण चित्ता दिसणार की चित्त्याभोवतीच्या गाड्या दिसणार हे इथं ठरतं. राखीव क्षेत्रात वाट सोडून गाडी घालायला बंदी आहे, अंधार पडायच्या आत बाहेर पडावं लागतं, पायी फिरता येत नाही. एका जनावराजवळ पाचच गाड्या हा नियम तिथंही आहे, पण ऑगस्टमध्ये नदीकाठी तो कुणी पाळताना दिसत नाही. नाबोइशोत फक्त तिथं राहणाऱ्या पाहुण्यांनाच प्रवेश, त्यामुळे गाड्या मुळातच मोजक्या. पाच गाड्यांचा नियम तिथं खरोखर चालतो. गाइड गवतात गाडी घालू शकतो, आणि रात्री दिवा घेऊन गाडीतून फिरता येतं. ताडोबात तुम्ही गेट, मार्ग आणि वेळ यांच्या चौकटीत फिरलात. तिथं ते योग्यही आहे. पण चित्ता डांबरी किंवा मातीच्या रस्त्याला समांतर पळत नाही.

चित्त्याची शिकार कशी बघायची ते थोडं सविस्तर सांगतो, म्हणजे यजमानांना काय मागायचं ते कळेल. चित्ता दिवसा शिकार करतो. रात्र सिंह-तरसांची असते आणि त्यांच्यापुढे त्याचं काही चालत नाही. सकाळी चांगला गाइड गाडी बंद करतो आणि चित्ता शोधतच नाही, हरणं बघतो. थॉमसन गॅझेल नावाची छोटी, दोन्ही कुशींवर काळा पट्टा असलेली हरणं माळभर पसरलेली असतात. त्यातली वीस-पंचवीस चरायचं सोडून एकाच दिशेला तोंड करून ताठ उभी असली की गाइड दुर्बीण तिकडे वळवतो. बहुतेकदा वारुळावर एक चपटं डोकं दिसतं. चित्त्याला उंच जागा लागते, मारात वारुळं भरपूर. मग तो उतरतो आणि गवतात नाहीसा होतो. यानंतर अर्धा तास काहीच घडत नाही आणि इथंच बहुतेक गाड्या कंटाळून निघून जातात. ज्या थांबतात त्यांच्यासाठी शेवटी मिनिटभराच्या आतला खेळ असतो. धूळ, दोन-तीन वळणं, चित्त्याचा पुढचा पंजा हरणाच्या मागच्या पायाला लागतो आणि हरीण पडतं. त्यानंतरही चित्ता लगेच खात नाही. धापा टाकत बसून राहतो, चारही बाजूंना बघतो, कारण याच वेळात तरस येऊन शिकार पळवतात.

या सगळ्यात गाडी कुठं उभी आहे याला फार महत्त्व आहे. चित्ता आणि हरीण यांच्या मधे गाडी घातली की शिकार संपली. आई आणि पिल्लं यांच्या मधे घातली की त्याहून वाईट. मासाई मारात फेम्के ब्रुकहुइस या संशोधिकेने केलेला अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. पर्यटकांची वर्दळ जास्त असलेल्या भागातल्या मादीची सरासरी ०.२ पिल्लं मोठी होऊन स्वतंत्र झाली, कमी वर्दळीच्या भागात हाच आकडा २.३ होता. हे आकडे वाचल्यावर मी तरी गर्दीतल्या गाडीत बसायला कुणाला सांगणार नाही. आणि स्वार्थ म्हणून बघितलं तरी तेच: ज्या रानात चित्त्याची पिल्लं जगतात तिथंच पुढच्या वर्षी चित्ते दिसतात.

मुलगा म्हणेल, चित्ता आता कुनोत आहे, मग आफ्रिका कशाला? २०२२ मध्ये नामिबियातून आठ आणि २०२३ मध्ये दक्षिण आफ्रिकेतून बारा चित्ते कुनोत आले हे खरं. पण तिथं चित्ता दिसणं आजही नशिबावर आहे, आणि मोकळ्या माळावरची पळापळ बघायला मारा किंवा टांझानियातलं सेरेंगेटीच गाठावं लागतं.

तलावाबद्दल एक व्यवहाराची गोष्ट. सफारीतला दिवस असा असतो: पहाटे साडेपाचला तंबूच्या दाराशी कुणीतरी हळू आवाजात हाक मारतं, चहा-बिस्किटं ठेवून जातं. सहाला गाडी निघते. मारा दीड हजार मीटरहून उंचावर आहे, जूनच्या पहाटे नाशिकच्या डिसेंबरसारखी थंडी असते. गाडीत मांडीवर घ्यायला ब्लँकेट आणि गरम पाण्याची पिशवी देतात. नाश्ता रानातच, गाडीच्या बॉनेटवर. अकराच्या सुमारास परत, जेवण, झोप. चार वाजता पुन्हा बाहेर, आणि रात्रीची फेरी घेतली तर परतायला आठ. म्हणजे खोलीतला तलाव तुमच्या वाट्याला दुपारचे दोन-तीन तास येणार, त्यात झोप हवीच. नातीसाठी पाणी हवंच असेल तर कॉन्झर्व्हन्सीतही तलाव असलेले कॅम्प आहेत. ओलारे मोटोरोगीतल्या माहाली मझुरीला आहे. पण भाव ऐकून मग ठरवा.

बिबट्या आणि सिंहांचं काय? सिंहांची चिंता करू नका, या पट्ट्यात सिंह भरपूर आहेत. चार-पाच दिवस एका जागी राहिलात तर ते दिसतीलच, फक्त झोपलेले दिसतील. दिवसाचे वीस-वीस तास झोपणारं जनावर आहे, ते उठायची वेळ संध्याकाळची आणि म्हणूनच रात्रीची फेरी. बिबट्या मारात ओढ्याकाठच्या झाडीत असतो. कोरड्या ओढ्यांना तिथले गाइड लुग्गा म्हणतात, तालेक आणि ओलारे ओरोक नद्यांच्या काठची झाडी हीही त्याची जागा. मिळेल, पण खात्री देता येणार नाही.

बिबट्याची जवळपास खात्री हवी असेल तर मी डोळे मिटून तुमच्या तिसऱ्या पर्यायाकडे, साबी सँडकडे बोट दाखवलं असतं. क्रूगर राष्ट्रीय उद्यानाला लागून सुमारे पासष्ट हजार हेक्टरांचं हे खासगी रान आहे. १९९३ साली मधलं कुंपण काढलं, तेव्हापासून जनावरं मोकळी ये-जा करतात. तिथल्या गाडीच्या पुढच्या टोकाला बॉनेटबाहेर एक खुर्ची असते आणि तिच्यावर ट्रॅकर बसतो. तो चालत्या गाडीतून ओल्या वाळूतला ठसा बघून हात वर करतो, गाडी थांबते, तो आणि रेंजर उतरून पायी माग काढतात. पिढ्यान्‌पिढ्या गाड्या बघत वाढलेले बिबटे तिथं गाडीकडे ढुंकूनही बघत नाहीत. झाडावर शिकार घेऊन बसलेला बिबट्या तासभर बघायला मिळतो. पण रान झुडपी आहे, चित्ते थोडे आहेत, आणि तुमच्या यजमानांनी बिबट्या पाहिलाय. म्हणून हा पर्याय दुसऱ्या एखाद्या वर्षासाठी ठेवा. तो घ्याल तेव्हा एक प्रश्न जरूर विचारा: लॉजच्या गाड्यांना किती जमिनीवर फिरायचा हक्क आहे? तिथं शेजारशेजारच्या लॉजनी एकमेकांच्या हद्दीत फिरण्याचे करार केलेले असतात. ज्याच्याकडे जमीन थोडी त्याची गाडी हद्दीवर थांबते आणि बिबट्या पलीकडे निघून जातो.

बोट्सवानातला ओकावांगो अफाट सुंदर आहे आणि तितकाच महाग. सेरेंगेटीच्या पूर्वेला नामिरी प्लेन्स म्हणून भाग आहे, चित्त्यांच्या अभ्यासासाठी तो सुमारे वीस वर्षं पर्यटकांना बंद होता, चित्त्यासाठी आजही अव्वल. पण नात बरोबर आहे आणि प्रवास वाढतो, म्हणून तूर्त सोडून द्या.

आता मे आणि जून. आपल्या उन्हाळी सुट्टीचा आणि केनियाच्या हवामानाचा मेळ जमत नाही. मार्च अखेरीपासून मे महिन्यापर्यंत तिथं मोठा पाऊस असतो. काळी माती चिकट होते, गाड्या रुततात, काही कॅम्प तर एप्रिल-मेमध्ये बंदच असतात. एजंट मेमध्ये सवलत देत असेल तर ती याचसाठी. (मेमध्येच जायचं असेल तर साबी सँड बरं, तिथं तेव्हा कोरडा हिवाळा सुरू होत असतो.) जूनच्या सुरुवातीला मारात पाऊस ओसरलेला असतो, माळ हिरवा असतो आणि जुलैची गर्दी अजून आलेली नसते. बऱ्याच कॅम्पांचे दरही जुलै-ऑगस्टपेक्षा खाली असतात. राखीव क्षेत्राचं प्रवेशशुल्क २०२४ पासून परदेशी प्रौढ पाहुण्याला जानेवारी ते जून रोज १०० डॉलर आणि जुलै ते डिसेंबर रोज २०० डॉलर आहे. पाच जणांच्या कुटुंबाला हा फरक लहान नाही. तोटाही सांगायला हवा. पावसानंतर गवत उंच असतं आणि उंच गवतात चित्ता लपतो. इथं पुन्हा कॉन्झर्व्हन्सी उपयोगी पडते. मासाई आपली गुरं तिथं ठरलेल्या पाळीने चारतात, त्यामुळे काही पट्टे आखूड राहतात, तिथं गॅझेल येतात आणि त्यांच्या मागे चित्ता. गाईंचा कळप मधे आला म्हणून नाराज होणारे पाहुणे असतात. तुम्ही होऊ नका. नदी ओलांडणाऱ्या विल्डबीस्ट नावाच्या रानटी हरणांचे ते प्रसिद्ध लोंढे मात्र जूनच्या सुरुवातीला मारात नसतात, हे घरात सगळ्यांना आधीच सांगून ठेवा. नाहीतर सूनबाई तिथं गेल्यावर विचारतील.

सात रात्रींत तीन उद्यानं हा प्रकार मला मुळीच पसंत नाही. अंबोसेली हत्तींसाठी आणि किलिमांजारोच्या दर्शनासाठी, नाकुरू गेंड्यांसाठी. दोन्ही चांगली, पण तुमचा निम्मा वेळ आणि यजमानांचे गुडघे रस्त्यावर जातील. एकाच कॅम्पमध्ये पाच रात्री राहा. फायदा असा की गाइडला तिसऱ्या दिवसापर्यंत तुमची आवड कळते, आणि सोमवारी पाहिलेली चित्तीण बुधवारी कुठं असेल याचा अंदाज त्याला असतो. एक-एक रात्र करत धावणाऱ्यांना हे कधीच मिळत नाही. मारातल्या चांगल्या कॅम्पांचे दर माणशी रात्रीला साधारण सहाशे डॉलरपासून हजार-बाराशेच्या पुढेही जातात, त्यात बहुतेकदा जेवण आणि फेऱ्या धरलेल्या असतात. दोन उद्यानं कमी केलीत तर तंबू परवडेल.

एजंटाला नुसतं 'चांगला कॅम्प द्या' म्हणू नका. खालचा मजकूर जसाच्या तसा पाठवा आणि उत्तरं लेखी मागा:

"कॅम्प नेमका कुठल्या कॉन्झर्व्हन्सीत आहे, की नुसता तिच्या जवळ आहे? गाडी आम्हा पाच जणांसाठी स्वतंत्र मिळेल का, की दुसरे पाहुणे बसतील, आणि स्वतंत्र गाडीचे जादा किती? गाडी बाजूंनी उघडी आहे की काचांची? पाचही दिवस एकच गाइड असेल का, आणि त्याने केनिया प्रोफेशनल सफारी गाइड्स असोसिएशनची सिल्व्हर पातळीची परीक्षा दिली आहे का? रात्रीची फेरी दरात धरली आहे का? एक दिवस राखीव क्षेत्रात गेलो तर शुल्क कोण भरणार? सात वर्षांच्या मुलीला सगळ्या फेऱ्यांवर नेता का? कौटुंबिक तंबू आहे का? जेवणाच्या तंबूपासून आमचा तंबू किती पावलांवर आहे, वाटेत पायऱ्या किती?"

यातल्या गाइडच्या प्रश्नावर हटून बसा. त्या संघटनेच्या परीक्षा ब्रॉन्झ, सिल्व्हर, गोल्ड अशा तीन पातळ्यांच्या असतात. गोल्डवाले मोजकेच. सिल्व्हर असला तरी तो उत्तम, आणि नाबोइशोच्या परिसरात वाढलेला असला तर आणखी उत्तम. कॅम्पने या प्रश्नाला मोघम उत्तर दिलं तर दुसरा कॅम्प बघा. नाबोइशोत किचेचे व्हॅली, ऑल सेकी, एन्काउंटर मारा, नाबोइशो कॅम्प असे बरेच पर्याय आहेत. किचेचेच्या कॅम्पांत छायाचित्रकार जास्त जातात, लहान मुलांबाबत त्यांचे नियम आधी तपासा. स्वतंत्र गाडीला दिवसाला तीनशे ते पाचशे डॉलर जादा पडू शकतात, पण लहान मूल असलं की बरेच कॅम्प ती सक्तीची करतात आणि तुम्ही पाच जण म्हणजे गाडी तशीही भरलीच. शिवाय नातीला लघवीला जायचं असेल तेव्हा अनोळखी माणसांची परवानगी मागावी लागत नाही.

'नक्की दिसतील' याचं उत्तर राहिलं. मोकळ्या रानात कुणीही तशी हमी देत नाही, आणि जो देतो त्याच्यापासून लांब राहा. हमी फक्त पिंजऱ्यात वाढवलेल्या जनावरांची देता येते. दक्षिण आफ्रिकेत सिंहाच्या बछड्यांना कुशीत घेऊन फोटो, सिंहांबरोबर फेरफटका असले कार्यक्रम चालतात. ते बछडे मोठे झाल्यावर कुठं जातात हा प्रश्न विचारला की उत्तर टाळलं जातं. त्यातले बरेच बंदिस्त जागेत शिकाऱ्यांच्या बंदुकीपुढे उभे केले जातात. तिथल्या सरकारने २०२१ साली बंदिस्त सिंहपैदास बंद करण्याचं धोरण जाहीर केलं. नातीला असा फोटो हवा असेल तरी काढू देऊ नका.

तिकिटं काढायच्या आधी यजमानांना डॉक्टरकडे न्या, ही गोष्ट सगळ्यात तातडीची. केनियाहून भारतात परतताना पीतज्वराची लस घेतल्याचं प्रमाणपत्र लागतं, नसेल तर विमानतळावरून थेट सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात. लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी, सरकारमान्य केंद्रातच घ्यावी लागते. एकदा घेतली की प्रमाणपत्र जन्मभर चालतं. पण ही जिवंत विषाणूची लस आहे आणि साठीपुढच्या माणसांना तिचे गंभीर दुष्परिणाम होण्याची शक्यता थोडी जास्त असते. यजमान नेमके त्याच उंबऱ्यावर आहेत. बीपी, शुगर, चालू औषधं, अंड्याची ॲलर्जी, सगळं डॉक्टरांपुढे ठेवा. त्यांनी नको म्हटलं तर केनिया सोडा आणि दक्षिण आफ्रिकेचा विचार करा, तिथं ही अट नाही. मात्र अदिस अबाबा किंवा नैरोबीला विमान बदललं तर अट पुन्हा मागे लागू शकते, तेव्हा मार्ग बघून तिकीट काढा. दक्षिण आफ्रिकेच्या क्वाझुलु-नाताळ प्रांतातलं फिंडा हे चित्त्यासाठी नावाजलेलं रान, त्या वेळी ते मनात धरा. मलेरियाच्या गोळ्यांचंही त्याच भेटीत विचारा, नातीचा डोस वेगळा असतो.

गुडघ्यांसाठी: नैरोबीहून मारापर्यंत रस्त्याने जाऊ नका, पाच-सहा तास लागतात आणि शेवटचा टप्पा हाडं खिळखिळी करतो. मुंबईहून नैरोबीला थेट विमान आहे, सुमारे सहा तासांचं. तिथं एक रात्र झोपा आणि सकाळी विल्सन विमानतळावरून छोट्या विमानाने तासाभरात माळावरच्या धावपट्टीवर उतरा. कॅम्पची गाडी तिथंच उभी असते आणि कॅम्पला पोचेपर्यंत पहिली सफारी होऊन जाते. या विमानांत माणशी पंधरा किलोच सामान, तेही मऊ बॅगेत, चाकांची कडक सूटकेस चालत नाही. उघडी लँड क्रूझर उंच असते, चढायला पायरी किंवा स्टूल ठेवायला सांगा. यजमानांना मधल्या रांगेत बसवा, मागची रांग उडते. कॅमेऱ्यासाठी तिपाई नेऊ नका, गाडीत तिचा उपयोग नाही. रिकामी कापडी पिशवी न्या, कॅम्पच्या स्वयंपाकघरातून तांदूळ भरून घ्या आणि लेन्स तिच्यावर टेकवा.

शाकाहाराची काळजी नको, पण आधी कळवा. केनियात गुजराती-पंजाबी घरं शंभर वर्षांहून अधिक काळ आहेत आणि चपाती तिथल्या माणसाच्या रोजच्या जेवणातली आहे. डाळ-भात कुठल्याही चांगल्या कॅम्पचा आचारी करतो. कांदा-लसूण वर्ज्य असेल तर ते वेगळं लिहा, नुसतं 'व्हेज' लिहून ते कळत नाही.

आणि हो, चिवडा-लाडू जरूर न्या, पण प्लॅस्टिकच्या पिशव्यांत नको. केनियात २०१७ पासून प्लॅस्टिकच्या कॅरीबॅगांवर बंदी आहे आणि दंड जबर आहे. स्टीलचे डबे घ्या, झाकण घट्ट बसणारे. तंबूत उघडे ठेवू नका, जेवणाच्या तंबूत माणसांच्या ताब्यात द्या. माकडांना चेन उघडता येते.